आधी उजेड, मग झाडू

प्रश्न थोडक्यात असा: २०१६ साली घेतलेला लॅपटॉप आहे. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं लागतात. शेजारच्या मुलाने एक क्लीनर, एक ड्रायव्हर अपडेटर आणि दोन अँटिव्हायरस टाकून दिले, तरी फरक नाही. उलट आता उजव्या कोपऱ्यात रोज ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असं काहीतरी उगवतं. ‘चांगली दहा-बारा मोफत युटिलिटी सॉफ्टवेअर सांगा, सगळी टाकतो.’

सगळी टाकू नका. नावं मी सांगेनच, पण तुमच्या लॅपटॉपला त्यातली चार-पाच पुरतील आणि त्यातलं एकही त्याला पळवणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी ‘एवढं वाचून काय मिळालं’ असं व्हायला नको.

कराडात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, विंडोज एक्सपीच्या काळापासून. गिऱ्हाईक पायरी चढता चढताच सांगतं, “स्लो झालाय, जरा क्लीन करून द्या.” जणू कॉम्प्युटर म्हणजे गच्चीवरची टाकी, आत शेवाळ साचतं आणि वर्षातून एकदा घासावी लागते. या समजुतीवरच क्लीनर, बूस्टर, ऑप्टिमायझर अशा नावांचा सगळा धंदा उभा आहे. माझा अनुभव वेगळा आहे. दुखणं बहुतेक वेळा एकाच जागी असतं, ते दिसत नाही म्हणून आपण घरभर झाडू फिरवत बसतो. माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर जी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं टिकली, ती झाडू मारणारी नाहीत, उजेड पाडणारी आहेत. ती स्वतःहून फारसं काही करत नाहीत. आत काय चाललंय ते दाखवतात, पुढचं तुम्ही ठरवायचं.

आधी त्या मुलाने टाकलेलं काढू. ड्रायव्हर अपडेटर आजच घालवा. (ड्रायव्हर म्हणजे टचपॅड, प्रिंटर अशा भागांची विंडोजशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम.) इतक्या जुन्या लॅपटॉपचा ड्रायव्हर नीट चालत असेल तर त्याला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. असली सॉफ्टवेअर ‘तुमचे इतके ड्रायव्हर जुने झालेत’ असं लाल अक्षरांत दाखवतात, मग पैसे मागतात, आणि कधी भलत्याच मॉडेलचा टचपॅड ड्रायव्हर घालून मोकळी होतात. बाण हलेनासा झाला की मग ती मशीन माझ्या टेबलावर येते. अँटिव्हायरसही दोन्ही काढा. एका दाराला दोन राखणदार ठेवले की चोर बाजूलाच राहतो, दोघं एकमेकांनाच अडवत बसतात. आणि ४ जीबी रॅममध्ये तर बाकीच्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा कोणी आला की बाजूला होतो आणि तो गेला की आपोआप परत कामाला लागतो. घरगुती वापराला तेवढा पुरे.

राहिला क्लीनर. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव सीक्लीनर, आणि एकेकाळी मीही ते प्रत्येक मशीनवर टाकत असे. २०१७च्या ऑगस्टमध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी चोरवाट बसवली. वाईट भाग असा, की ती आवृत्ती कंपनीच्याच सर्व्हरवरून, कंपनीच्याच डिजिटल सहीनिशी लोकांकडे गेली. सप्टेंबरमध्ये प्रकार उघडकीला आला तोवर ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली होती. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, पण मला त्या वेळी प्रश्न पडला, की मी हे टाकतो तरी कशासाठी? तात्पुरत्या फाइली पुसायला विंडोजमध्येच स्टोरेज सेन्स आहे. राहता राहिली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगची वही. तिच्यात लाखांनी नोंदी असतात. त्यातल्या तीनशे शिळ्या काढल्या तर पोत्यातून चार दाणे काढल्यासारखं, वजनात फरक शून्य. एखादी चुकीची निघाली तर मात्र प्रोग्राम बंद पडतो. खुद्द मायक्रोसॉफ्टचं धोरण आहे, की रजिस्ट्री क्लीनर वापरून काही बिघडलं तर त्याला आमचा पाठिंबा नाही. तेव्हापासून माझ्या पेन ड्राइव्हवर क्लीनर नाही.

आता तुमच्या मशीनवर पहिलं काय टाकायचं? क्रिस्टलडिस्कइन्फो. जपानमधल्या हियोहियो या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रोग्रामरचं हे काम. डाउनलोडच्या पानावर ॲनिमेतल्या मुलींची चित्रं दिसतील; दचकू नका, त्या त्याच्या नटव्या आवृत्त्या आहेत. आपण साधी स्टँडर्ड एडिशन घ्यायची. (एकदा गडबडीत मी दुसरी टाकली. गिऱ्हाईक म्हणाले, “डिस्क तपासायला सांगितली होती, हे काय लावलंय?”)

हार्ड डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, स्मार्ट नावाच्या वहीत. हे सॉफ्टवेअर फक्त ती वही उघडून दाखवतं. वर डाव्या हाताला एक चौकोन दिसेल. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे आजच डेटा काढून घ्या. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. खालच्या यादीत तीन रांगा बघा: ०५, सी५ आणि सी६. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली आणि डिस्कने ती बाद करून राखीव कोट्यातली दुसरी जागा वापरली, की ०५मधला आकडा वाढतो. सी५ म्हणजे वाचताना अडखळलेल्या, पण अजून निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे वाचताच न आलेल्या. तिन्हींपुढे शून्य असेल तर निर्धास्त राहा. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीतल्या मोजणीत दिसतात; १० लिहिलंय ते खरं १६ असतं. ‘फंक्शन’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’, तिथे दशमान निवडलं की सरळ वाचता येतात.

हा सगळा खटाटोप का सांगतोय ते एका उदाहरणाने सांगतो. एका भुसार व्यापाऱ्यांचं मशीन माझ्याकडे आलं. सहा महिन्यांत दोन वेळा दुसरीकडे फॉरमॅट मारून झालेलं. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस छान चालायचं, मग हिशेबाची फाइल उघडताना हँग. ‘व्हायरस आहे’ असं सांगून त्यांना एक वर्षाचा अँटिव्हायरसही विकलेला. मी क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं. सी५पुढे २एफ८. दशमानात ७६०. म्हणजे सातशे साठ जागी डिस्क वाचताना ठेचकाळत होती आणि हिशेबाच्या फाइलचा काही भाग नेमका त्यांतल्या काही जागांवर बसलेला. व्हायरस नव्हताच.

मग फॉरमॅटनंतर आठ दिवस बरं का वाटायचं? इथे एक गंमत आहे. अडखळणाऱ्या जागेवर नव्याने काही लिहायला गेलं, की डिस्कला निकाल लावावाच लागतो: एकतर जागा ठीक ठरते, नाहीतर बाद होऊन ०५मध्ये जमा होते. पूर्ण फॉरमॅट मारला की सगळ्याच जागांवर लिहिलं जातं, सी५ शून्यावर येतं आणि डिस्क वरवर चकाचक दिसते. पण पृष्ठभाग खराब होत चाललेला असेल तर नव्या जागा अडखळू लागतातच. सेकंड हँड लॅपटॉप घेताना म्हणूनच सी५ शून्य बघून हुरळून जाऊ नका, ०५ बघा. वर उजवीकडे ‘पॉवर ऑन अवर्स’ असतात तेही बघा. ‘वापरलाच नाही हो, मुलगी पुण्याला गेली तेव्हापासून कपाटातच होता,’ असं सांगितलेल्या एका लॅपटॉपवर मी २१,००० तास पाहिलेत. रोज आठ तास धरले तरी सात वर्षांच्या वर होतात.

तुमच्या डिस्कचे हे आकडे वाईट निघाले तर बाकीचं सगळं सोडून आधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यासाठी मी फ्रीफाइलसिंक वापरतो. डावीकडे लॅपटॉपमधलं फोल्डर, उजवीकडे बाहेरच्या डिस्कवरचं. ‘कम्पेअर’ दाबलं की काय जाणार, काय राहणार, काय बदलणार याची यादी समोर येते, आणि ती वाचून झाल्यावर दुसरं बटण दाबेपर्यंत ते एकही फाइल हलवत नाही. मला ते आवडतं ते यासाठीच. फक्त ‘मिरर’ नको, ‘अपडेट’ ठेवा. मिररमध्ये इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडचीही पुसली जाते, आणि मग बॅकअप कसला?

आकडे चांगले निघाले तर? मग दुखणं सरळ आहे. त्या काळच्या लॅपटॉपमधली फिरती डिस्क आणि विंडोज १० यांचं जमत नाही. मशीन सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं चित्र असेल तर जगातलं कुठलंही मोफत किंवा विकतचं सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क टाका, जमलं तर रॅम ८ जीबी करा. सहा मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर येतं. विंडोज १०ची नेहमीची अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवली आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा २०१६चा म्हणजे फार तर सहाव्या-सातव्या पिढीचा. त्यामुळे एसएसडी टाकतानाच त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून बघायला हरकत नाही, तेही फुकटच आहे. पत्रं, ब्राउझर, यूट्यूब एवढंच काम असेल तर घरच्यांना आठवड्यात सवय होते.

उजव्या कोपऱ्यातल्या त्या धोक्याच्या चौकटीकडे वळू. हिच्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच एक हत्यार आहे, प्रोसेस एक्सप्लोरर. ते सिसइंटर्नल्स या संचातलं आहे. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी १९९६पासून हा संच वाढवला, २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच घेतली, पण हत्यारं मोफत ठेवली. याच रुसिनोविच यांनी २००५च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्याच मशीनवर आपल्या एका हत्याराने तपासणी करताना सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने गुपचूप बसवलेलं सॉफ्टवेअर पकडलं होतं. त्यावरून जगभर गदारोळ झाला आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. आहे ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची ताकद ही अशी.

तर प्रोसेस एक्सप्लोरर उघडा. वरच्या पट्टीत नेम धरण्याच्या खुणेसारखं एक गोल चिन्ह आहे. ते माउसने धरून ओढत न्या आणि त्या धोक्याच्या चौकटीवर सोडा. यादीत ती चौकट ज्या प्रोग्रामची आहे त्याची ओळ ठळक होते. दुकानात तपासलं की दहापैकी नऊ वेळा ती चौकट निघते क्रोमची किंवा एजची! म्हणजे व्हायरस नाही, काही नाही; कधीतरी कुठल्यातरी संकेतस्थळाने ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ विचारलं आणि आपण घाईत ‘अलाउ’ दाबलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी असते, तिथून अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम. त्या चौकटीवर क्लिक करून ‘रिन्यू’च्या नावाखाली पैसे भरलेली माणसं मी पाहिलीत, आणि तिथे दिलेल्या नंबरवर फोन लावून स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात दिलेलीही.

त्याच संचातलं ऑटोरन्स हे सुरुवातीला कोण कोण आपोआप जागं होतं ते दाखवतं. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी म्हणजे दारातली माणसं. ऑटोरन्स माळ्यावर, जिन्याखाली बसलेलीही दाखवतं. पहिल्यांदा उघडलं की एवढी मोठी यादी येते की माणूस गांगरतो. ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एन्ट्रीज’ चालू करा, मग आवाक्यात येते. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही. गुलाबी ओळींवर कोणाची खात्रीची सही नाही, त्या नीट बघायच्या. पण गुलाबी म्हणजे वाईटच असं नव्हे. काही पुसू नका, फक्त समोरची खूण काढा. मशीन पुन्हा चालू करून चार दिवस बघा. बिघडलंच तर खूण परत करता येते. पुसलेलं परत आणता येत नाही. प्रिंटरचा मदतनीस, गाण्यांच्या ॲपचा अपडेटर, कधीच न वापरलेला व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम, एवढ्यांच्या खुणा काढल्या तरी ४ जीबीवाल्या मशीनला बरंच हलकं वाटतं.

‘सी ड्राइव्ह लाल झालाय’ ही पुढची तक्रार येणारच, म्हणून विझट्री. डिस्कवरची जागा कशाने खाल्ली ते चौकोनांच्या चित्रात दाखवतं, मोठा चौकोन म्हणजे मोठी फाइल. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक मूळ अनुक्रमणिका असते. विझट्री फोल्डर उघडत बसत नाही, थेट ती वाचतं, म्हणून इतरांना जिथे दहा मिनिटं लागतात तिथे याला काही सेकंद लागतात. घरगुती वापराला मोफत, धंद्याला परवाना घ्यावा लागतो. मी घेतलाय. तो खर्च नको असेल तर विनडर्स्टॅट हे मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर आहे, तेच काम करतं. मात्र मोठा चौकोन दिसला की लगेच डिलीट मारू नका. हायबरफिल आणि पेजफाइल नावाच्या दोन धटिंगण फाइली विंडोजच्या स्वतःच्या आहेत, त्यांना तिथून हात लावायचा नाही. बहुतेक घरांत खरा गुन्हेगार डाउनलोड्स हे फोल्डर असतं. एकाच लग्नाचा व्हिडिओ तीन वेळा उतरवलेला, पुढे कंसात १, २ असे आकडे.

तीच अनुक्रमणिका वाचणारं माझं सगळ्यात लाडकं सॉफ्टवेअर म्हणजे एव्हरीथिंग. एकच सॉफ्टवेअर टाका म्हणालात तर मी डोळे मिटून हेच सांगेन. विंडोजच्या शोधात नाव टाकलं की चहा पिऊन येईपर्यंत हिरवी पट्टी सरकत असते. इथे अक्षर टाइप करता करता यादी गळत जाते. ‘सातबारा’ असं देवनागरीत टाइप केलं तरी नाव देवनागरीत असलेली फाइल पटकन समोर. नावातला एखादाच शब्द आठवतोय, तोही अर्धा? चालतं. दोन शब्द मध्ये जागा सोडून कुठल्याही क्रमाने टाका, तरी चालतं. तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की शेवटी बदललेली फाइल वर येते. ‘सेव्ह केली पण कुठे गेली कळत नाही’ ही तक्रार तिथेच संपते. एक लक्षात ठेवा, हे फाइलींची नावं शोधतं, आतला मजकूर नाही. म्हणून फाइलींना नावं नीट देत चला. ‘न्यू डॉक्युमेंट ७’ला कोणीच शोधून देऊ शकत नाही.

रोजच्या वापरातली आता भराभर सांगतो. कॉम्प्रेस केलेल्या फाइली उघडायला सेव्हन-झिप. इगोर पाव्हलोव्ह यांनी १९९९मध्ये सुरू केलेलं, मुक्त स्रोत, विनरारसारखं ‘चाळीस दिवस झाले, आता विकत घ्या’ म्हणून कधी हटकत नाही. पीडीएफ वाचायला सुमात्रा पीडीएफ, इतकं हलकं की तुमच्या मशीनवरही टिचकी मारताच उघडेल. जुना स्कॅनर असेल तर नॅप्स-टू: पानं स्कॅन करा, मागेपुढे लावा, एकच पीडीएफ करा, संपलं. मराठी टायपिंगला वेगळं काही शोधू नका. विंडोज १०मध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमधून चालू करायचा.

फोटोंसाठी इरफानव्ह्यू. इरफान स्किलयान हे मूळचे बोस्नियातले, ऑस्ट्रियात राहून १९९६पासून हा एकच प्रोग्राम सांभाळत आलेत. आपल्याकडे त्याचं खरं सोनं होतं ते परीक्षांच्या फॉर्मच्या मोसमात. बँकेच्या परीक्षेला फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते, आणि मोबाइलने काढलेला फोटो असतो ४ एमबीचा. पोरं मग कुठल्यातरी संकेतस्थळावर स्वतःचा फोटो आणि सही चढवून ‘कम्प्रेस’ करून घेतात. आपली सही परक्याच्या सर्व्हरवर कशाला ठेवायची? इरफानव्ह्यूमध्ये फोटो उघडा, हवा तेवढा भाग माउसने निवडून कंट्रोल-वाय दाबा, कापला जातो. कंट्रोल-आर दाबून लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये टाका. मग जेपीजी म्हणून सेव्ह करताना बाजूला क्वालिटीची पट्टी येते, ती ८०वर आणून बघा, मोठा वाटला तर ७०. दुसऱ्या खेपेला हमखास बसतो. घरगुती वापराला मोफत आहे. सायबर कॅफेवाल्यांनो, तुम्हाला परवाना लागतो बरं का.

पेन ड्राइव्हबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण यात फसलेले लोक सर्वाधिक. ऑनलाइन काहीशे रुपयांत ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह मिळतो. लावला की विंडोजही २ टीबीच दाखवतं. एका व्हिडिओ शूटिंगवाल्याने गिऱ्हाइकाचं लग्न अशाच एकावर दिलं. फाइलींची नावं सगळी दिसत होती, आकार बरोबर, पण पहिले काही व्हिडिओ सोडले तर एकही चालेना. झालं असं, की आत चिप होती ३२ जीबीची आणि ती चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं होतं. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या जागेत बसते, म्हणून ती शाबूत. पुढचा डेटा अस्तित्वातच नसलेल्या जागेत ‘लिहिला’ गेला, म्हणजे गेलाच. हे पकडायला एचटूटेस्टडब्ल्यू हे चिमुकलं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतल्या ‘सीटी’ या संगणक मासिकाच्या हाराल्ड ब्योगेहोल्ट्झ यांनी लिहिलेलं. उघडल्यावर जर्मन दिसेल, वरच इंग्रजीचा पर्याय आहे. रिकामा पेन ड्राइव्ह निवडून ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. ते १ जीबीच्या फाइलींनी ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि मग प्रत्येक फाइल परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, ६४ जीबीला दोन-तीन तासही लागतील. रात्री लावून झोपायचं. सकाळी ते स्वच्छ सांगतं, इतके जीबी खरे आणि इतके गेले. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा पेन ड्राइव्ह आधी यातून जातो, मग गिऱ्हाइकाच्या हातात.

चुकून पुसलेल्या फाइली परत मिळवायचा विषय निघतोच. साधं प्रकरण असेल तर रेक्युवा, मेमरी कार्डाचे फोटो गेले असतील तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक. फोटोरेक फाइलींच्या यादीकडे बघतच नाही, प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीची ओळखखूण शोधत कार्ड चाळतं; म्हणून फॉरमॅट मारलेल्या कार्डातूनही फोटो काढतं, पण नावं गेलेली असतात आणि हजार फोटो आकड्यांच्या नावांनी समोर येतात. सॉफ्टवेअरपेक्षा तुमचं वागणं इथे महत्त्वाचं. फाइल गेली हे कळताच त्या डिस्कवर काहीही लिहायचं थांबवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर डाउनलोड करणं. कधी कधी ते नेमकं हरवलेल्या फाइलीच्या डोक्यावर जाऊन बसतं. एसएसडीत तर ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा लगेच खरोखर रिकामी करायला घेते, त्यामुळे तिथे आशा फार ठेवू नका. उद्या एसएसडी टाकलीत की हा फरक ध्यानात असू द्या.

शेवटचं, हे सगळं उतरवायचं कुठून. ज्याचं सॉफ्टवेअर त्याच्याच संकेतस्थळावरून, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून. ‘फ्री डाउनलोड’ शोधून पहिल्या दुव्यावर जाऊ नका. तिथली मोठी हिरवी बटणं बहुधा जाहिराती असतात. खरं डाउनलोड खाली बारीक अक्षरांत असतं. नावाजलेल्या ठिकाणीही असं घडलेलं आहे: सोर्सफोर्जवर २०१५मध्ये गिम्प या चित्रांच्या प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातीची सॉफ्टवेअर चिकटवलेली सापडली होती. २०१६मध्ये मालक बदलले तेव्हा तो उद्योग बंद झाला. आणि व्हीएलसी प्लेयर तर आपल्याला ठाऊकच आहे, पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये सुरू केलेला, आजही जाहिरातीविना. २०२२मध्ये कित्येक महिने त्याचं अधिकृत संकेतस्थळच भारतात उघडत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या काळात माझ्याकडे आलेल्या मशीनवर कुठून कुठून उतरवलेले, टूलबार चिकटलेले व्हीएलसी मी किती काढले याचा हिशेब नाही. विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या क्रॅकच्या वाटेला तर जाऊच नका. मोफत आणि चोरीचं यात फरक आहे, आणि क्रॅक चालवताना ‘अँटिव्हायरस बंद करा’ असं तो का सांगतो, याचा विचार एकदा करून बघा.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच. ड्रायव्हर अपडेटर, क्लीनर आणि दोन्ही अँटिव्हायरस काढून मशीन एकदा बंद-चालू करा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि त्याच्या खिडकीचा फोटो पाठवा. मोबाइलने काढला तरी चालेल, फक्त ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी सुस्पष्ट आल्या पाहिजेत. आकडे दशमानात करायला जमलं नाही तर राहू द्या, हेक्स मला वाचता येतं. ते बघून सांगतो, नुसती एसएसडी टाकायची की आधी घाईने डेटा काढायचा.